अप्पा रजेवर होते तो चैत्र

बारावीचा शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तेव्हा अप्पा परसात सुतळी ताणत होते. दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये सुतळी, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभे असलेले माझे वडील. "कसा गेला?" सुतळीवरची नजर न काढता त्यांनी विचारलं. "बरा गेला," मी म्हणाले. सायकल भिंतीला टेकवली आणि आत जाऊन घागरीतलं तांब्याभर पाणी उभ्यानंच प्यायले. पेपर केमिस्ट्रीचा होता. तीन तासांपैकी पावणेतीन तास मी काहीही लिहिलं नव्हतं.

मला काही येत नव्हतं असं नाही. पहिला प्रश्न वाचला, त्याचं उत्तर डोक्यात होतं, पेन हातात होतं. पण हात कागदावर गेलाच नाही. वर्गाच्या खिडकीबाहेर पांगाऱ्याचं झाड होतं, एक पान नाही आणि नुसती लालभडक फुलं, त्यात साळुंक्यांची भांडणं चालली होती. मी तिकडे बघत बसले. देखरेखीच्या बाई दोनदा येऊन गेल्या, "बरं वाटत नाही का गं?" म्हणाल्या, मी मान हलवली. शेवटच्या पाव तासात घाम फुटला आणि कुठलातरी एक छोटा प्रश्न कसाबसा सोडवला. बाहेर पडल्यावर मैत्रिणी उत्तरं जुळवत उभ्या होत्या. त्यांच्यात न थांबता मी सायकलवर टांग टाकली. आज साठी उलटल्यावरही त्या तीन तासांचं मला नीट काही सांगता येत नाही. झोप नव्हती, रडू नव्हतं. मी तिथं होते आणि नव्हते.

आमचं घर कळंब्याच्या रस्त्याला होतं. पत्र्याच्या तीन खोल्या, पण मागं परस ऐसपैस. तो परस अव्वाचा, म्हणजे माझ्या आईचा. ती निपाणीच्या पलीकडची, त्यामुळे आमच्या घरात आईला अव्वा आणि माहेराला तवरमनी म्हणायची रीत होती. अव्वाची बाग म्हणजे सगळा गोंधळ. मोरीच्या पाण्यावर अळू, कुंपणावर दोडका, त्याच्यात शिरलेला घेवडा, मिरचीच्या रोपांमध्येच कुठंतरी झेंडू, आणि हापशाच्या बाजूला अबोलीचा एक मोठा वाफा. अबोलीला ती कनकांबरी म्हणायची. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेल्या रोपांपासून तो वाफा वाढला होता. दर सोमवारी ती त्या फुलांचे दोन गजरे करायची, एक देव्हाऱ्यातल्या लिंगाला आणि एक स्वतःच्या अंबाड्याला. कुठं काय लावलंय ते फक्त तिलाच माहीत. आम्ही कुणी कोथिंबीर आणायला गेलो तर हमखास काहीतरी तुडवून यायचो.

अप्पा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते. बावीस वर्षं. घरी यायचे ते झोपायला, आणि मुक्कामाची गाडी असली की तेही नाही. आम्हाला त्यांची ओळख होती ती खाकी कपड्यांच्या डिझेलच्या वासातून आणि पहाटे अंगणात वाजणाऱ्या चपलांच्या आवाजातून. त्या वर्षी जानेवारीत त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रजा लिहून दिली, ती वाढत गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस दिवसभर घरात दिसू लागला. त्याला घरात बसता येईना. सकाळी साडेपाचला रेडिओ लावायचा, मग तो बंद करायचा, अंगणात चार फेऱ्या, फाटकापर्यंत जाऊन रस्त्यावरच्या गाड्यांची वेळ बघायची, "सहा पाचची अजून आली न्हाई" म्हणून चिडायचं, आणि परत आत. दीड-दोन महिने असे काढल्यावर त्यांची नजर परसाकडे वळली.

"ही काय बाग हाय व्हय?" ते म्हणाले. "ह्यो बाजार हाय. कोन कुठं बसलंय पत्त्या न्हाई."

मग सुरू झालं वेळापत्रक. पाणी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, पाच मिनिटं इकडं तिकडं चालायची नाहीत. वाफे सुतळीत. वाफ्यांच्या कडेला अर्ध्या पुरलेल्या तिरप्या विटा, त्यांना चुना. त्यांची पाठ दुखत असल्यामुळे वाकायची कामं माझ्याकडे. हुकूम त्यांचे, कुदळ माझी. अव्वा स्वयंपाकघराच्या दारातून बघायची, भाकरी थापता थापता म्हणायची, "आळू काय गाडीतला पावना हाय, सीटवर बसाय?" अप्पांना ऐकू यायचं, पण ते ऐकू आल्याचं दाखवायचे नाहीत. अव्वा परसात जाताना मुद्दाम सुतळीवरून पाय टाकून जायची. दिवसभर घरात कुणीतरी उठत होतं, कुणीतरी बसत होतं, हापसा कुरकुरत होता, आणि त्यात मी.

मला एका जागी पाच मिनिटं थांबवत नव्हतं. अभ्यास संपला होता, हातात काही नव्हतं, आणि पोटात तो कोरा पेपर. परसात कुणी डोकावलं की अप्पा आपणहून सांगायचे, "पोरगी बारावी शास्त्र. आता इंजिनियर करायची." समोरचा माझ्याकडे बघायचा, मी खाली मान घालून खुरप्यानं माती उकरायचे. म्हणून तर मी त्यांची सगळी कामं न कुरकुरता करत होते. त्यांना वाटायचं, पोरगी गुणाची. अव्वाला मात्र ते पटत नसावं. एकदा केस विंचरताना ती म्हणाली, "तू एवढी शानी कधीपासनं झालीस गं?" तिनं वेणीला जरा जास्तच आवळून पीळ दिला.

पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला, गूळ आणि चिंचेचं वाटण सगळ्यांच्या तळहातावर आलं. वर्षभराचं कडू-गोड असं एकदम गिळायचं. अव्वानं पुरणाच्या होळग्या केल्या, तव्यावर तुपाचा असा वास सुटला की शेजारच्या दोन घरांतली मुलं दारात येऊन उभी राहिली. अप्पांनी तीन खाल्ल्या आणि चौथी ताटात घेऊन तशीच ठेवली. तेव्हा मला ते खटकलं नाही. जेवणाच्या बाबतीत अप्पा मागं हटणारे नव्हते, पण मी माझ्याच नादात होते. आता वाटतं, त्या घरात अप्पांच्या आणि माझ्या तोंडाची चव गेली होती आणि आम्ही एकमेकांच्या ताटात बघत नव्हतो.

पाडव्यानंतर दोनच दिवसांनी अव्वा तवरमनीला गेली. तिच्या भाचीचं लग्न होतं, चार दिवसांचा मामला. जाताना तिनं मला आंबील कशी करायची ते सांगितलं, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दाखवला, आणि फाटकातून परत फिरून म्हणाली, "कनकांबरी वाळल्यागत दिसत्या, पण वाळल्याली न्हाई. पानी घालत ऱ्हा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा वाफ्यांच्या मध्ये उभे होते. त्यांनी टोमॅटोची आणि वांग्याची रोपं आणली होती, ओल्या गोणपाटात गुंडाळून. सगळ्या वाफ्यांच्या रांगा लागल्या होत्या, फक्त हापशाजवळचा अबोलीचा वाफा वाकडातिकडा सुतळीत घुसत होता. उन्हानं पानं तांबूस झाली होती, फुलं चार-दोनच.

"हे काढ," अप्पा म्हणाले.

"अव्वाची अबोली हाय ती."

"वाळलीया की. बघ की जरा. तुझ्या अव्वाला नवी आणून लावू पावसाळ्यात."

मी सांगू शकले असते. अव्वाचे शब्द मला पाठ होते. पण गेले तीन आठवडे मी अप्पांच्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं, आणि एकदा नाही म्हटलं तर त्या नाहीतून बाकीचंही सगळं बाहेर पडेल अशी मला भीती होती. मी कुदळ घेतली. मुळं खोल गेली होती, मातीखाली अजून ओल होती, आणि मुळं तुटताना आतली पांढरी दिसत होती. अप्पांना ती दिसली की नाही ठाऊक नाही. मला दिसली. मी थांबले नाही. दुपारपर्यंत तिथं टोमॅटोच्या दोन सरळ रांगा लागल्या.

अव्वा चौथ्या दिवशी दुपारी आली. हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी होती. पाय धुवायला ती हापशावर गेली आणि तिथंच उभी राहिली. अप्पा पडवीत बसले होते, मी त्यांच्या मागं.

"कुनी काढलं?" अव्वानं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"मी," अप्पा म्हणाले. "वाळलं हुतं."

"तुमची पाठ वाकत न्हाई. कुनी काढलं?"

"मी," मी म्हणाले. आणि मग माझं मलाच आवरेना. "अव्वा, मला ठावं हुतं ती वाळली न्हाई. मुळं ओली हुती, मी बघितली, तरी काढली. आनि केमिस्ट्रीचा पेपर मी कोरा दिलाय. मी नापास हुनार हाय."

अव्वा माझ्याकडे बघत राहिली. लाडवांची पिशवी तिच्या हातात तशीच. "माझ्या कनकांबरीचं आनि तुझ्या पेपराचं काय लागतंय गं?" ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. पण अप्पांना कळलं. ते खांबाला धरून उठले, चपला घातल्या आणि फाटकातून बाहेर गेले. संध्याकाळचं पाणी त्या दिवशी सहाला पडलं नाही. ते मी आणि अव्वानं अंधार पडता पडता घातलं, टोमॅटोलाही. घालताना अव्वा म्हणाली, "त्यांची काय चूक न्हाई, रोपांची." एवढंच. त्या वाफ्याबद्दल ती पुढं कधीच काही बोलली नाही, आणि ते न बोलणं मला आयुष्यभर पुरलं.

अप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. शिव्या नाहीत, मार नाही. त्यांनी सुतळ्या काढल्या, गुंडाळून खुंटीला अडकवल्या, आणि बागेत पाऊल टाकायचं सोडलं. सकाळी उठून कळंब्याच्या तळ्यापर्यंत चालत जायचे, ऊन चढल्यावर यायचे, जेवून परत निघायचे. पाठ दुखणारा माणूस इतका चालतो कसा, हा प्रश्न तेव्हा अव्वालाही पडला नाही. ती रोज संध्याकाळी त्यांच्या पाठीला तेल चोळत होती.

असे पाच दिवस गेले. मग एके दिवशी बाबूकाका आले. ते अप्पांच्या गाडीवरचे कंडक्टर, दोघांची जोडी अकरा वर्षांची. जोतिबाची चैत्राची यात्रा तोंडावर आली होती, डोंगरावर जादा गाड्या सोडायच्या होत्या, आणि डेपोत ड्रायव्हर कमी पडत होते. अव्वानं त्यांना आंबील दिली. त्यांनी ती एका दमात प्यायली, मिशा पुसल्या आणि अप्पांना म्हणाले, "मगदूम, सायबांनी इचारलंय. चार दिसाचा प्रश्न हाय. याल काय?"

"पाठ," अप्पा म्हणाले.

"व्हय, पाठ," बाबूकाका म्हणाले, आणि पेल्यात बघत राहिले. जाताना त्यांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळ ठेवला. गडीमाणसं एकमेकांना असा हात लावत नसत, निदान आमच्या दारात तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरच्या तोडत होते. अप्पा फिरायला न जाता परसात आले आणि माझ्याजवळ येऊन विटेवर बसले. चुन्याची पांढरी वीट, त्यांनीच लावलेली.

"त्या तीन तासांत तू काय केलंस?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता सुरुवात झाली. "काय न्हाई," मी म्हणाले.

"काय न्हाई म्हंजे काय? झोपलीस? रडलीस?"

"न्हाई. प्रश्न वाचला. येत हुता. हात चालंना. खिडकीतनं झाड बघत बसले."

"हात चालंना," ते म्हणाले. हातातली एक मिरची त्यांनी देठाशी मोडली, परत मोडली. "घाम आलता?"

"शेवटी आलता."

"मला आधीच येतोय," अप्पा म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं, मिरच्यांच्या रोपांकडे बघत, माझ्याकडे न बघता. जानेवारीत गगनबावड्याच्या घाटात एका वळणावर समोरून ट्रक आला होता. अप्पांनी गाडी कडेला घेतली, मागचं चाक कठड्याच्या मोडक्या भागाशी गेलं आणि निम्मं बाहेर राहिलं. ट्रक निघून गेला. गाडी वर घेतली, रस्त्यावर आणली. कुणाला काही झालं नाही, निम्मे लोक झोपले होते, त्यांना कळलंही नाही. पण पुढच्या वळणापाशी अप्पांनी गाडी उभी केली आणि त्यांचा हात गिअरवर जाईना. "गिअर दिसत हुता. हात ह्यो असा मांडीवर. उचलंनाच." बाबूकाकांनी लोकांना इंजिन तापलंय म्हणून सांगितलं आणि खोटंखोटं पाणी आणायला गेले. अर्ध्या तासानं अप्पांनी गाडी कशीतरी बावड्याला पोचवली. त्यानंतर तीन दिवस ते ड्युटीवर गेले, आणि तिन्ही दिवस केबिनमध्ये चढताना तळहात असे भिजायचे की स्टिअरिंग निसटायचं. चौथ्या दिवशी त्यांनी पाठ धरली म्हणून सांगितलं.

"म्हंजे पाठ..."

"पाठ बरी हाय माझी," अप्पा म्हणाले. "अगदी बरी हाय."

आज माझा मुलगा अशा गोष्टींना इंग्रजी नाव सांगतो, त्यावर गोळ्या आहेत, डॉक्टर आहेत म्हणतो. असतील. तेव्हा आमच्याकडे त्याला नावच नव्हतं. बावीस वर्षं घाट उतरलेल्या ड्रायव्हरनं हे कुणापुढं बोलायचं? बायकोपुढं नाही, डेपोत नाही. ते सतरा वर्षांच्या मुलीपुढं बोलले, कारण तीही अशीच हात मांडीवर ठेवून बसली होती. मी त्यांच्या हातातली मोडकी मिरची काढून घेतली, कारण ते त्याच हातानं डोळे चोळायला निघाले होते.

अव्वाला त्यांनी त्याच दिवशी सांगितलं, ती भाकरी भाजत असताना, चुलीसमोर पाटावर बसून. सगळं ऐकेपर्यंत तव्यावरची भाकरी काळी झाली. अव्वानं ती उलथन्यानं बाजूला टाकली. "मग तीन म्हैनं माझ्याकडनं तेल कशाला चोळून घेतलासा?" ती म्हणाली. तिनं दुसरा उंडा हातात घेतला, परातीत ठेवला, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग म्हणाली, "ती गाडी नगं आता. काय बी करा, खरं ती गाडी नगं."

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात अक्षर माझं बरं. आगार व्यवस्थापकांना विनंतीअर्ज: चालकाच्या कामातून मुक्त करून डेपोत बसून करायचं कुठलंही काम मिळावं. मी ताव घेऊन पडवीत बसले, अप्पा उभे. कारणापाशी आल्यावर मी थांबले. "पाठीचं दुखणं लिवू?"

अप्पा फाटकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. रस्त्यावरून एक गाडी गेली, त्यांनी वेळ बघितली नाही. परत येऊन म्हणाले, "भ्या वाटतंय म्हनून लिव."

"असं लिवत्यात काय अर्जात?"

"तुला जे चांगल्या भाषेत येतंय ते लिव. खरं तेच लिव."

मी लिहिलं: 'गाडी चालविताना मला भीती वाटते. त्यामुळे प्रवाशांच्या जिवाला धोका होऊ शकतो.' आयुष्यात पुढं मी पोस्टात तेहतीस वर्षं नोकरी केली, हजारो अर्ज वाचले आणि शेकडो लोकांना लिहून दिले. इतकं साधं वाक्य कुठल्याही अर्जात मला पुन्हा भेटलं नाही.

डेपोत ते मला बरोबर घेऊन गेले. साहेब वयानं अप्पांपेक्षा लहान, माणूस बरा. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, परत घालून वाचला. शेजारच्या टेबलावरचा कारकून कान देऊन बसला होता. साहेबांनी आवाज खाली आणला. "मगदूम, हे असं लिहू नका. फाइलला लागतं हे, लोक वाचतात. पाठीचं लिहा, मी सही करतो."

अप्पांच्या कपाळावर घाम होता. हात मांडीवर नव्हता, टेबलाची कड धरून होता. "साहेब," ते म्हणाले, "पाठीचं लिवलं तर पाठ बरी झाल्यावर परत बशिवशिला. पोरीनं लिवलंय तेच ऱ्हाऊ दे."

कारकून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्जावर शेरा मारला, तारीख घातली आणि वरच्या ऑफिसला पाठवतो म्हणाले. त्या अर्जाला उत्तर यायला पावसाळा उजाडला, आणि तोवर डेपोत काहीजणांनी अप्पांना 'भित्रा मगदूम' म्हणून घेतलं. मग त्यांना कंट्रोलरच्या टेबलावर बसवलं. गाड्यांच्या वेळा लिहायच्या, उशीर झाला तर ओरडायचं. निवृत्त होईपर्यंत ते काम त्यांनी मन लावून केलं. मी इंजिनियर झाले नाही, कुणाला तसं वाटलंही नाही पुढं. अव्वानं परस पुन्हा तिच्या पद्धतीनं विस्कटून टाकला आणि टोमॅटोचं सार आम्ही पावसाळाभर खाल्लं.

पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. डेपोच्या फाटकातून आम्ही बाहेर पडलो तेव्हा ऊन कडक होतं, यात्रेहून उतरलेल्या गाड्या गुलालानं माखून आत येत होत्या. अप्पा एका बाजूला सरून त्यांना वाट देत उभे राहिले. शेवटची गाडी आत गेल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ऑक्टोबरच्या परीक्षेचा फारम कुठं मिळतोय?"

निकाल लागायला अजून दीड महिना होता.